सहा भावंडांत चौथी, घरात अकरा माणसं. यात मी नक्की कोण, हे कसं ठरवू?

तुझा प्रश्न मला समजला तो असा: तू सोळा वर्षांची, सहा भावंडांत चौथी, घरात लहानथोर मिळून अकरा माणसं. सगळे तुला 'आपली शांत पोर' म्हणतात. आपण मुळातच शांत आहोत की मध्ये बोलायला फटच मिळाली नाही म्हणून शांत झालो, हे तुला कळेनासं झालंय. आणि हल्ली जरा वेगळं वागलीस की ताई म्हणते, 'फार भाव खायला लागलीस.' मी स्वतः सात भावंडांतली तिसरी. वयानं तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

मोठ्या घरात पोरांकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून त्यांना स्वतःची ओळख सापडत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. तुझी ओळख ठरलेली आहेच, फक्त ती तुला न विचारता ठरली. तू पाचेक वर्षांची असताना कुणीतरी 'ही बाई शांत आहे हो' म्हटलं असणार, बाकीच्यांनी ते उचललं असणार, आणि मग तू कधी आरडाओरडा केलास तरी 'आज हिला काय झालं?' एवढंच कुणी म्हटलं असेल. आरडाओरडा तुझ्या खात्यात जमा झालाच नाही.

यामागे दुष्टपणा नसतो. १९४५ साली जेम्स बॉसार्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक साधा हिशेब मांडला होता: कुटुंबात एक माणूस वाढला की नाती एकाने वाढत नाहीत, कितीतरी पटींनी वाढतात. चार माणसांच्या घरात दोघादोघांच्या जोड्या होतात सहा. तुमच्या अकरा जणांच्या घरात होतात पंचावन्न. एवढ्या नात्यांचा गाडा रोज हाकायचा तर कोण कसं आहे हे दरवेळी नव्याने बघायला कुणाला सवड? म्हणून शिक्के लागतात. हा हुशार, तो तापट, ही समजूतदार, तो धांदरट. शिक्क्यामुळे कामं पटापट वाटता येतात, भांडणं लवकर मिटतात, पाहुण्यांना ओळख एका वाक्यात करून देता येते. घराची सोय होते. शिक्का ज्याच्यावर बसतो त्याची गैरसोय मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू होते, कारण त्याच सुमाराला माणूस आतून बदलायला लागतो आणि घर मात्र जुन्याच नावाने हाक मारत राहतं.

त्यात शिक्के रिकाम्या जागांसारखे असतात. एक 'हुशार' झाला की ती जागा भरली. दुसऱ्याला तेवढेच मार्क पडले तरी तो 'हुशारही आहे', 'हुशार' नव्हे. मग धाकटी भावंडं न कळत उरलेली जागा शोधतात. फ्रान्सिस शॅक्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ मध्ये यावर लिहिलं. भावंडं एकमेकांपासून वेगळी दिसण्यासाठी विरुद्ध टोकं पकडतात, आणि पहिल्या दोन भावंडांत, तसंच बहिणी-बहिणी किंवा भाऊ-भाऊ अशा जोड्यांत हे जास्त दिसतं, असं त्यांना आढळलं. तुलना टाळायची ही एक युक्तीच आहे. मैदानच वेगळं, मग हरायचा प्रश्न येत नाही.

इथे मात्र सावध राहा, कारण पौगंडावस्थेतली बहुतेक बंडं याच जातीची असतात. ताई नीटनेटकी म्हणून मी अजागळ, दादा अभ्यासू म्हणून मी उनाड. वरून हे स्वातंत्र्य वाटतं, पण नकाशा घरचाच. तू फक्त दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिलीस. माझ्या पाठच्या भावाने गणिताला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं होतं, कारण त्याच्या वरचे दोघे गणितातले. शिक्षणासाठी घराबाहेर पडला, जिथे त्या दोघांना कुणी ओळखत नव्हतं, तिथे त्याला गणित चक्क आवडायला लागलं. आज त्याचं पोट त्यावरच आहे. म्हणून एखादी गोष्ट आवडत नाही असं वाटलं की स्वतःला विचार: हे करणारं भावंड घरात नसतंच, तर मला ही गोष्ट आवडली असती का? उत्तर 'कदाचित हो' आलं, तर ती गोष्ट गुपचूप थोडी करून बघ.

'मधली मुलं अशीच असतात' हे कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. जन्मक्रमाबद्दल जगभर भरपूर बोललं जातं. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी तीन देशांतल्या वीस हजारांहून जास्त माणसांची माहिती तपासली. बुद्धिमापन चाचणीत थोरल्यांना किंचित फायदा दिसला, पण बहिर्मुखता, मनाची स्थिरता, मिळूनमिसळून वागणं, नीटनेटकेपणा यांत जन्मक्रमाचा प्रभाव जवळपास काहीच सापडला नाही. घरात तुझी जागा चौथी आहे, त्या जागेची कामं आणि अडचणी खऱ्या आहेत. स्वभावसुद्धा 'चौथा' असतो, याला मात्र आधार नाही.

आता 'मला कळेनासं झालंय' या तुझ्या वाक्याकडे येते. तुला ते आजारासारखं वाटतंय. या विषयातले जाणकार तसं मानत नाहीत. किशोरवयाचं मुख्य काम म्हणजे 'मी कोण' याचा शोध, हे एरिक एरिक्सनने १९५० च्या सुमारास मांडलं. (या गृहस्थाने त्याआधीच स्वतःचं आडनावही स्वतःच घेतलं होतं. जन्मदात्या वडिलांचा पत्ता त्याला कधी लागला नाही, सावत्र वडिलांच्या आडनावाने तो वाढला आणि अमेरिकेचा नागरिक होताना 'एरिक्सन' झाला. विषय उगाच निवडला नव्हता त्याने.) पुढे १९६६ मध्ये जेम्स मार्शियाने तरुण मुलांशी बोलून चार अवस्था वेगळ्या केल्या. काहींनी शोधलंही नाही आणि ठरवलंही नाही. काहींनी न शोधताच ठरवून टाकलं, म्हणजे घरच्यांनी दिलेलं जसंच्या तसं अंगावर चढवलं. काही शोधतायत, पण अजून ठरलेलं नाही. आणि काहींनी शोधून ठरवलं. मोठ्या घरात दुसऱ्या प्रकाराची ओढ जबरदस्त असते, कारण तयार माल समोर असतो आणि तो स्वीकारला की सगळे खूश. तू तिसऱ्या अवस्थेत आहेस. तिथे बेचैनी असते, त्याला इलाज नाही, पण शोधून ठरवायचं तर वाट तिथूनच जाते. घाई करून दुसरीत परत जाऊ नकोस.

शोधायचं कसं, यासाठी मला दोन पोरं आठवतात. दोघंही मोठ्या कुटुंबातली, दोघंही तुझ्याच वयाची. पुढे अमेरिकेचा मोठा नेता आणि शास्त्रज्ञ झालेला बेंजामिन फ्रँकलिन हा सतरा भावंडांतला पंधरावा. थोरल्या भावाच्या छापखान्यात तो उमेदवारी करायचा. भाऊ वर्तमानपत्र काढायचा, पण या पोराचं लिखाण भाऊ छापील याची त्याला खात्री नव्हती. म्हणून १७२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने एका प्रौढ विधवा बाईच्या नावाने पत्रं लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. भावाने आणि त्याच्या मित्रमंडळींनी ती वाचली, वाखाणली, एकामागून एक चौदा पत्रं छापून आली. लेखक कोण हे कळल्यावर भाऊ खूश झाला नाही, हे ओघानं आलंच.

दुसरे रवींद्रनाथ ठाकूर. डझनाहून जास्त भावंडं, आणि त्यांतली बरीच कर्तबगार: कुणी तत्त्वचिंतक, कुणी संगीतकार, एक बहीण कादंबरीकार. १८७७ मध्ये घरच्याच मंडळींनी मासिक सुरू केलं. सोळा वर्षांच्या रवींद्रनाथांनी त्यात 'भानुसिंह' या नावाने कविता दिल्या आणि हा कुणी जुना वैष्णव कवी आहे असं भासवलं.

या दोघांनी घर सोडून दिलं नव्हतं, निदान तेव्हा तरी. छापखाना भावाचा, मासिक घरचं. घराने दिलेलं सगळं वापरलं, फक्त 'अमक्याचा धाकटा' ही चिठ्ठी तेवढी काढून ठेवली. त्यामुळे त्यांना एक गोष्ट कळली जी घरात कधी कळली नसती: मी कुणाचा कोण हे माहीत नसलेल्या माणसाला माझं काम कसं वाटतं. तुला नेमकी याची गरज आहे. अशी एखादी जागा शोध, जिथे तुझ्या भावंडांना कुणी ओळखत नाही. मग ते वाचनालय असो, खेळाचा संघ असो, नाटकाची तालीम असो, कसलाही वर्ग असो. तिथे महिनाभर बघ, तू शांत असतेस का. असलीस तर उत्तम, मग शांतपणा तुझा स्वतःचा आहे आणि तो अभिमानाने ठेव. नसलीस तर तेही कळलं. इंटरनेटवर टोपणनावाने लिहायलाही हरकत नाही, पण टोपणनाव समोरच्याकडेही असतं. फोटो, पत्ता किंवा 'कुणाला सांगू नकोस' असं मागणारा माणूस आला की बोलणं तिथेच थांबव आणि घरातल्या एका मोठ्याला सांग.

मोठ्या घरातलं दुसरं संकट म्हणजे बातमी. तू एकाला सांगितलंस की मला चित्रकला शिकावीशी वाटते, तर संध्याकाळपर्यंत दहा जणांना कळलेलं असतं, वर पदरचं मीठमसालाही. दोघं चिडवतात, एक जण फायदे-तोटे सांगतो, एक म्हणतो 'मागच्या वर्षी तर गिटार म्हणत होतीस.' आता तुला चित्रकलेची बाजू मांडत बसावं लागतं, आणि तुला तर अजून ती आवडते की नाही हेच ठरलेलं नाही. म्हणून अर्धवट गोष्टी जाहीर करू नकोस. कच्चं असताना फक्त एका व्यक्तीला सांग, जिच्या पोटात गोष्ट राहते. माझ्यासाठी ती माझी धाकटी आत्या होती. तिने कधी सल्ला दिला नाही, पुढच्या वेळी भेटली की फक्त 'कुठवर आलं ते?' एवढं विचारायची. स्वतःची खोली नसली तरी असं खाजगीपण तयार करता येतं. कुणी उघडणार नाही अशी एक वही, सगळे झोपलेले असतानाची सकाळची अर्धी घटका, एकटीने चालत जायचा रस्ता. घरात कुणी वही उघडतं असा अनुभव असेल तर ती शाळेत किंवा मैत्रिणीकडे ठेव, त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

एक सवय मात्र मोडावी लागेल, आणि मला वाटतं सगळ्यात अवघड तीच. मोठ्या घरात वाढलेली माणसं मला लांबून ओळखू येतात ती एका वाक्यावरून: 'मला काहीही चालेल.' कुठे बसायचं, काय बघायचं, कोणता रंग घ्यायचा, काहीही चालेल. अकरा जणांत प्रत्येकाने आवड सांगितली तर काही ठरायचंच नाही, म्हणून समजूतदार पोरं आवड सांगणं सोडतात. सोडता सोडता एक दिवस आवड कोणती हेच आठवत नाही. 'शांत पोर' या शिक्क्याखाली बहुधा हेच दडलेलं असतं. यावर उपाय अगदी किरकोळ वाटेल असा आहे. दिवसातून एकदा, बिनमहत्त्वाच्या बाबतीत, 'काहीही चालेल' ऐवजी एक ठाम निवड सांग. 'मला खिडकीजवळ बसायचंय.' 'मला हा नको, तो निळा हवा.' ती मान्य होईलच असं नाही, झाली नाही तरी बिघडत नाही. मिळवण्यासाठी हे करायचं नाहीये. तुझ्या तोंडून तुझी आवड तुलाच ऐकू यावी म्हणून करायचं आहे. मोठे निर्णय येतील तेव्हा, कोणतं शिक्षण, कोणतं काम, कुणाबरोबर राहायचं, तेव्हा घरातले दहा जण ठाम मतं घेऊन उभे असतील. 'नाही' म्हणायचा सराव त्या दिवशी सुरू करता येत नाही.

धाकट्यांना सांभाळणं तुझ्याकडे आहे, असं तू ओझरतं लिहिलंयस. याच्या चांगल्या-वाईट दोन्ही बाजू खऱ्या आहेत. त्यातून जे येतं, म्हणजे रडणाऱ्याला शांत करणं, चार जणांत वाटणी करणं, कोण थापा मारतंय ते ओळखणं, ते तुझं आहे आणि जन्मभर कामी येईल. पण आईबापांचं काम मुलावर कायमचं पडलं की त्याचं स्वतःचं वाढायचं राहून जातं, हे कुटुंबांबरोबर काम करणारे समुपदेशक वर्षानुवर्षं सांगत आलेत. तेव्हा 'मला वेळच मिळत नाही' अशी तक्रार करू नकोस, ती कुणीच ऐकत नाही, कारण मोठ्या घरात वेळ कुणालाच नसतो. आईला नेमकं सांग: आठवड्यातले हे दोन दिवस, या वेळेत, मी उपलब्ध नसेन, धाकट्यांकडे दादाने बघावं. नेमकी मागणी असली की तिच्यावर बोलणी तरी होतात.

आणि निरोप पोचवणं बंद कर. दोन माणसांत ताण आला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, हे मरे बोवेन या मानसोपचारतज्ज्ञाचं निरीक्षण. तो स्वतः पाच भावंडांतला थोरला होता, त्यामुळे ते घरबसल्या सुचलं असणं शक्य आहे. अकरा जणांत असे त्रिकोण एकशे पासष्ट होतात, आणि शांत पोर ही सगळ्यांची आवडती तिसरी असते, कारण ती ऐकून घेते आणि उलट बोलत नाही. 'काकूला सांग की...' असं कुणी सुरू केलं की 'तुम्हीच सांगा ना, त्या आतच आहेत' इतकं हसून म्हणायला शीक. तुझं डोकं बरंच मोकळं होईल, आणि त्या मोकळ्या जागेत तुझे स्वतःचे विचार सुचायला लागतील.

आता तुला सगळ्यात जास्त टोचणारी भीती: स्वतःचं काही ठरवलं तर घर तुटेल का. 'स्वतंत्र' आणि 'जवळचं' ही एकाच पट्टीची दोन टोकं आहेत असं आपण धरून चालतो. चिदेम काइतचिबाशी या तुर्की मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं याच्या उलट होतं: या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. माणूस घरच्यांच्या अगदी जवळ असून स्वतःचे निर्णय स्वतः घेणारा असू शकतो, आणि घरापासून मैलोगणती दूर राहूनही प्रत्येक निर्णय घरच्यांच्या धाकाने घेणारा असू शकतो. दुसऱ्या प्रकारचे लोक मी पुष्कळ पाहिलेत. बोवेनही तेच सांगतो: संबंध तोडणं म्हणजे स्वतंत्र होणं नव्हे. समोर बसून 'मला हे पटत नाही' म्हणता येणं आणि त्यानंतरही तिथेच बसून राहणं, हे जास्त कठीण आणि जास्त खरं.

हे सगळं मी साध्या, गजबजलेल्या, प्रेमळ घराला धरून लिहितेय. मारहाण, धमक्या, शाळा बंद करण्याची भाषा असं काही असेल तर हा ओळखीचा प्रश्न राहत नाही. तेव्हा शिक्षक, समुपदेशक किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाकडे लगेच जा.

राहता राहिली ताई. घरातला एक जण बदलायला लागला की बाकीचे त्याला जागेवर ढकलतात. बोवेनने याचा क्रमही सांगितलाय: आधी 'तू चुकतेयस', मग 'पूर्वीसारखी हो', मग 'नाहीतर बघ काय होतं ते'. 'भाव खातेस' हे पहिल्या-दुसऱ्याच्या मधलं कुठेतरी बसतं. त्याचा अर्थ ती तुझ्यावर जळते असा लावू नकोस. थोरल्या बहिणीवर 'जबाबदार' हा शिक्का असतो आणि तो बहुधा तुझ्या 'शांत' पेक्षा जड असतो. इतकी वर्षं तू बिनबोभाट ऐकायचीस म्हणून तिचं काम हलकं होतं. आता तुझी मतं आली की तिचं गणित बिघडतं. तिच्याशी वाद घालू नकोस आणि तिला पटवायलाही जाऊ नकोस. एखाद्या दिवशी ती एकटी सापडली की घराशी संबंध नसलेलं काहीतरी विचार, म्हणजे तुझ्या वयाची असताना तिला काय करायचं होतं वगैरे. पहिल्या वेळी ती बहुतेक 'तुला काय करायचंय?' म्हणून उडवून लावेल. महिन्याभराने परत विचार. आणि मध्यंतरी पुन्हा 'भाव खातेस' म्हणालीच, तर 'हो, थोडासा' म्हण आणि हातातलं काम चालू ठेव.